मागच्या रांगेतला वन्समोर

रशीदच्या घरून भाभींचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "भाईसाब, तुमचे दोस्त गेले," एवढंच म्हणाल्या... अर्ध्या तोंडाला साबण तसाच ठेवून मी बसून राहिलो. रशीदला जाऊन आता महिना होऊन गेला. आमच्या नाट्यमंडळातली पोरं म्हणाली, काका, तुम्ही लिहा. माझी शाळा चौथीपर्यंत. पण रशीदवर दुसऱ्या कुणी लिहिलेलं मला चालणार नाही, म्हणून लिहितो.

अंबडला एकाच कारखान्यात आम्ही दोघं फिटर. तो येवल्याचा, बाप पैठणीच्या मागावर बसणारा. कामगारांचं आमचं नाट्यमंडळ दर हिवाळ्यात तीन साधी नाटकं करायचं आणि शेवटी एक संगीत नाटक. संगीत नाटकात मी गायचो. रशीदला स्टेजवर उभं केलं की त्याची वाचा बसायची, म्हणून तो दारावर तिकिटं फाडायचा आणि पडदा उघडला की मागच्या रांगेत दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर बसायचा. माझं गाणं कुणा गुरूकडचं नाही, कानानं उचललेलं. लोक चांगलं म्हणायचे, पण मला वाटायचं, अडाण्याला गोंजारतायत. रशीद तोंडदेखलं बोलणारा नव्हता. त्याचा एक चांगला शब्द मला हवा होता आणि तेवढाच तो देत नव्हता.

एका वर्षी शेवटच्या संगीत नाटकाला आमचा नायक वेळेवर पोचला नाही. सिन्नरच्या कारखान्यातून सुटून निघाला आणि रस्त्यात ट्रक उलटल्यानं अडकला. त्याचा प्रवेश दुसऱ्या अंकात, म्हणून आम्ही पडदा उघडला. तो यायच्या आधीचं पद माझं होतं. मी माळी, विहिरीच्या काठावर बसून गायचं, पद संपलं की नायकानं आत यायचं. गाताना माझा एक डोळा विंगेत. तिथं नुसती रिकामी जागा आणि हात चोळणारा दिग्दर्शक. शेवटची ओळ मी ताणता येईल तेवढी ताणली. पद संपलं. टाळ्या पडल्या, विरल्या, आणि सगळं नाट्यगृह गप्प झालं... तेवढ्यात मागून खणखणीत आवाज आला, "वन्समोर!"

मी पुन्हा गायलो. विंग रिकामीच. पुन्हा तोच आवाज, "वन्समोर!" तिसऱ्यांदा गाताना घशाला कोरड पडली. पुढच्या रांगेतला एक जण म्हणाला, "आता पुरे की हो." पद संपलं तेव्हा रशीद ओरडला नाही. दारातल्या उजेडात उभा राहून त्यानं फक्त एक बोट वर केलं. पेटीवाल्यानं कपाळाला हात लावला, पण सूर धरला. चौथ्यांदा अर्ध्यावर आलो आणि विंगेत नायक दिसला, अंगरख्याची एकच बाही चढवलेला, धापा टाकणारा. नाटक तरलं.

पडदा पडल्यावर सगळे रशीदला मिठ्या मारत होते. "मागावर धागा तुटला तर कापड फेकत नाय, गाठ मारतात," असं म्हणत तो हसत होता. नायकाचा फोन त्यालाच आला होता, अजून दहा मिनिटं लागतील म्हणून.

मी त्याला बाजूला घेतलं. "नंतरचे वेळेसाठी होते, मान्य. पण पहिला वन्समोर? तो तर गाण्यासाठी होता ना?"

"तुला काय वाटतं, नामदेवा?"

"मी तुला विचारतोय."

"सांगितलं तर तू गाणं तरी सोडशील, नाहीतर माझ्या डोक्यावर तरी बसशील. दोन्ही मला परवडत नाय."

तेव्हापासून दर वर्षी मी विचारायचो. चहाच्या टपरीवर, त्याच्या मुलाच्या लग्नात, रिटायर झाल्यावर बाकावर बसून. एकदा रागानं दोन महिने बोललो नाही, तरी तो बधला नाही. हट्टी मीही आहे, पण तो माझा बाप होता.

शेवटी दवाखान्यात भेटलो. तोंडाला ऑक्सिजन, बोलता येत नव्हतं. भाभी म्हणाल्या, मुलगा पुण्याहून निघालाय. रशीदनं गळ्याकडे हात नेला, गा म्हणून. मी म्हणालो, "आधी मान हलवून सांग. मग गातो." त्यानं डोळे मिटून घेतले. त्याची छाती वरखाली होत होती आणि मी अडून बसलो होतो... मग माझाच धीर सुटला. माळ्याचं पद हळू आवाजात गायलो. त्यानं एक बोट वर केलं. पुन्हा गायलो. पुन्हा बोट. तिसऱ्यांदा पद संपत आलं आणि मागे दार वाजलं. मुलगा आला होता, खांद्यावर बॅग, धापा टाकत. म्हणजे आजही वेळच काढत होता हा.

मुलानं बापाचा हात हातात घेतला. रशीदनं त्याच्याकडे डोळे भरून पाहिलं. मग मान माझ्याकडे वळवली आणि दुसऱ्या हाताचं बोट वर केलं.

आता कुणीच यायचं राहिलं नव्हतं.

मी गायला तोंड उघडलं, तर नर्सबाई म्हणाल्या, "बाबा, बाहेर व्हा, पेशंटला त्रास होतोय." मी बाहेर झालो. उद्या गाऊ म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला.

यंदाच्या संगीत नाटकाच्या तालमी सुरू झाल्यात आणि तेच नाटक पुन्हा बसतंय. परवा माझं पद झालं. पुढचा प्रवेश घ्यायचा होता, नायक विंगेत तयार उभा होता. दिग्दर्शक म्हणाला, "काका, झालं ना? या आत." मी मागच्या रांगेतल्या दाराजवळच्या खुर्चीकडे पाहिलं आणि पेटीवाल्याला म्हणालो, "सूर सोडू नको. एकदा राहिलंय."