वारेमावशी आणि विहीणबाई

धक्क्यासमोरच्या गल्लीत एक लॉज आहे. त्याच्या मालकिणीला सगळं गाव वारेमावशी म्हणायचं. समोरच्या बेटावर अभयारण्य आहे. तिथली हरणं आणि समुद्रपक्षी बघायला लांबून लांबून लोक येतात, पण गावात मुक्काम कुणी करत नाही. सकाळच्या बोटीने जायचं, संध्याकाळच्या बोटीने यायचं आणि धावत बस गाठायची. वारा सुटला की मात्र धक्क्यावर लाल बावटा चढतो, बोट बंद होते आणि गळ्यात दुर्बिणी अडकवलेली मंडळी तोंडं पाडून मावशींच्या दारात उभी राहतात.

म्हणून मावशी उठल्या उठल्या गच्चीवर जाऊन बावटा बघायच्या. लाल दिसला की गुणगुणत कपाटातून चादरी काढायच्या.

पंचाईत एवढीच, की बोट त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाची होती. सकाळचा चहा दोघं एकत्र प्यायचे आणि एकाच आकाशाकडे बघून उलटसुलट इच्छा करायचे.

"आज जोर धरेल असं वाटतंय," मावशी म्हणायच्या.

"तुझ्या तोंडात साखर न पडो," भाऊ म्हणायचा.

एकदा मावशींच्या मुलीच्या सासूबाई बेट बघायला आल्या. मुलींच्या वसतिगृहात रेक्टर म्हणून त्यांचा उभा जन्म गेला होता. एका रात्रीचा तर प्रश्न, म्हणून मावशींनी समुद्राकडची खोली दिली. सकाळी गच्चीवर गेल्या तर लाल बावटा फडफडत होता. सवयीने त्या खूश झाल्या, आणि मग खाली कोण झोपलंय ते आठवून मटकन पायरीवर बसल्या.

वारा काही थांबेना. विहीणबाईंनी आधी कपाटं तपासली, मग गाद्या उन्हात टाकल्या. अडकलेल्या पाहुण्यांना ओल्या पायांनी आत यायची बंदी झाली. नवल म्हणजे मोठमोठे मिशीवाले गृहस्थ निमूटपणे दारात पाय पुसू लागले, जेवणाची घंटा झाली की रांगेत येऊ लागले. मावशींना स्वतःच्याच स्वयंपाकघरात विचारायची वेळ आली.

"विहीणबाई, मीठ कुठंय?"

"जिथे असायला हवं तिथे."

मावशी तडक भावाकडे गेल्या. "अरे, काढ ना बोट."

"बावटा लाल आहे, ताई."

"कडेकडेने ने जरा."

"समुद्राला तुझी विहीण कळत नाही." मग त्याला हसू आवरेना. "म्हणजे वारा पडावा असं तू म्हणतेयस? पुन्हा म्हण, नीट ऐकू दे मला."

अखेर वारा पडला. विहीणबाई पहिल्या बोटीने बेटावर गेल्या आणि मावशींनी दिवसभर एकेक वस्तू पुन्हा आपल्या जागी नेऊन ठेवली. संध्याकाळी त्यांना निरोप द्यायला धक्क्यावर गेल्या, तर विहीणबाईंच्या मागून बॅगा सांभाळत माणसांची रांगच उतरत होती.

"हे सगळे आज आपल्याकडे राहणार," विहीणबाई म्हणाल्या. "मी बोटीतच बजावलं, एका फेरीत काही कळत नाही. पहाटेचे पक्षी बघायचे असतील तर उद्या पुन्हा या."

"आणि बेट कसं वाटलं?" मावशींनी चाचरत विचारलं.

"ठीक आहे. हरणं फार बेशिस्त."

समुद्र ताटासारखा शांत होता आणि लॉज भरलं होतं. असं आजवर झालं नव्हतं. भाऊ उद्याच्या तिकिटांच्या आनंदात स्वतः बॅगा उचलत होता. मावशींनी मुकाट्याने स्वयंपाकघर विहीणबाईंच्या हवाली केलं आणि स्वतः चादरी काढायला घेतल्या.

आठवड्याने मुलीचा फोन आला. "आई, सासूबाई कधी निघताहेत?"

"का गं? एवढी कसली घाई?" मावशी जरा फणकाऱ्यानेच म्हणाल्या. "मला हव्यात त्या इथे."

मग मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, "छे, घाई कसली! सहज विचारलं. राहू दे त्यांना. अगदी निवांत राहू दे."