ठकीचं माहेर

भोसरीच्या कोंडीरामनं आयुष्यात कुणाला खोटं जनावर दिलं नाही. मी त्याच्याशी खोटं बोललो, आणि त्याचं जन्माचं काम बुडालं. आता म्हातारपणी हे सांगतोय ते कुणी मला प्रामाणिक म्हणावं म्हणून नव्हे. बाकीचे कधीच गेले; आमची मंडळी, यशोदा, गेल्यापासून हे माहीत असणारा मी एकटाच उरलोय, आणि माझ्याबरोबर ते सरणावर जायला नको.

मी सयाजी, मूळचा कोरेगावकडचा. सन पंचावन्नला पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात लागलो, फिटरच्या हाताखाली. तेव्हा पिंपरी म्हणजे स्टेशन, निर्वासितांची छावणी आणि बाकी सगळी ज्वारी-बाजरी. काळेवाडीत एका शेतकऱ्याच्या गोठ्यालगतची खोली आम्ही भाड्यानं घेतली होती. दोन वर्षं झाली तरी मी हंगामीच. म्हणजे रोज सकाळी फाटकावर जाऊन उभं राहायचं; नाव पुकारलं तर आत, नाहीतर आल्या पावली घरी. माझ्या मागून आलेले कायम झाले आणि मी आपला फाटकावर. आधीच मी तापट, त्यात ही तऱ्हा. घरी येऊन भांडी आपटायचो.

आमच्या खात्याचे साहेब मुंबईचे. पोरबाळ नव्हतं, बाईसाहेब दिवसभर बंगल्यात एकट्या. त्यांना अस्सल जातीचं लहान कुत्रं हवं होतं, टेरियर, माहेरी होतं तसं. साहेबांनी खात्यात सहज विचारलं, आणि मी पुढं होऊन म्हणालो, मी आणून देतो. साहेब हसून म्हणाले, आण, मग तुझंही बघू. त्या ‘बघू’वर मी पुढचा सगळा उद्योग केला.

चौकशी केली तर जो तो भोसरीच्या कोंडीरामचंच नाव सांगे. लढाईच्या दिवसांत तो खडकीच्या छावणीत एका गोऱ्या साहेबाकडं कुत्री सांभाळायला होता. गोरे निघाले तेव्हा कितीतरी साहेबांनी आपली कुत्री मागं कुणाच्या हाती नकोत म्हणून गोळ्या घालून मारली. कोंडीरामनं ते डोळ्यांनी पाहिलं. त्याच्या साहेबाच्या मडमेला तेवढी दया आली आणि तिनं एक टेरियर मादी त्याच्या हवाली केली. तिची नात डेजी. पांढरी, एका डोळ्यावर तांबूस ठिपका, मांजराएवढी उंच आणि उंदराला काळ. गावाला हसायला विषयच झाला की म्हशीला पेंड मिळत नाही आणि हा इंग्रजी कुत्रीला दूध पाजतोय. कोंडीरामनं गावाकडं कधी लक्ष दिलं नाही.

त्याची रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. डेजीला जोडा बघायला तो खडकीपर्यंत चालत जायचा. नर त्याच जातीचा हवा, पण नात्यातला नको. सगोत्र जमवायचं न्हाई, म्हणायचा. आणि नराच्या घराण्यात कुठं आंधळं, बहिरं, फेफऱ्याचं निघालंय का, ते मुलगी द्यायच्या आधी विचारावं तसं खोदून विचारायचा. सव्वा महिना पुरा होईपर्यंत पिल्लू आईपासून तोडायचा नाही. घर बघितल्याशिवाय द्यायचा नाही. पुण्याच्या एका वकिलाला त्यानं रिकाम्या हातानं परत लावलं, का तर वकिलाच्या पोरांनी त्याच्या देखत मांजराला धोंडा मारला. किंमत सव्वा रुपया आणि नारळ. वर एक अट. नांदवणं झालं नाही तर पिल्लू त्याच्याच दारात परत आणायचं, परस्पर कुणाला द्यायचं नाही. आणि सासुरवाशिणीला न्यायला नागपंचमीला भाऊ मुराळी जातो ना, तसा हा दर पंचमीला दिलेल्या प्रत्येक पिल्लाच्या दारात जायचा, फडक्यात पुरणाचं दिंड बांधून.

मी आधी खरंच बोललो होतो. साहेबांसाठी हवंय म्हणालो. त्यानं मान हलवली. बदलीवाल्या साहेबाला तो देत नव्हता, कितीही मोठा असो. माझं टाळकं सरकलं. कुत्र्याचं पिल्लू मागतोय का पोरगी, असं तोंडावर म्हणालो, तर तो शांतपणे म्हणाला, तसंच समजा. मी उठलो, दारापर्यंत गेलो, आणि फाटकावरची सकाळ आठवली. मागं फिरून म्हणालो की बरं, मग माझ्याच घरी द्या. आम्हालाही मूल नाही.

तेवढं खरं होतं. म्हणूनच तो फसला.

तो काळेवाडीला आला. गोठा, विहीर, उंबरा सगळं निरखून पाहिलं. मला बाहेर बसवून यशोदेला एकटीला विचारलं, दिवसा घरी कोण असतं, खायला काय घालाल, आजारी पडलं तर काय कराल. यशोदेला मी काहीच सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, नवऱ्याला कधी नव्हे ती बुद्धी झाली. तिनं जे सांगितलं ते मनापासून सांगितलं. सव्वा महिना भरला तसा कोंडीराम सर्वांत धाकटं मादी पिल्लू घेऊन आला, डेजीच्या अंगाखालच्या गोधडीचा तुकडाही आणला. ठकी नाव त्यानंच ठेवलं होतं. जाताना यशोदेला म्हणाला, पोर तुमच्या वटीत घातली.

साहेब मुंबईला गेले होते, म्हणून ठकी आठ दिवस आमच्याकडं राहिली. त्या आठ दिवसांत घरात जे हसू झालं ते लग्नापासून झालं नव्हतं. ती माझ्या वहाणेत झोपायची. नवव्या दिवशी मी तिला पिशवीत घालून बंगल्यावर नेलं. यशोदा माझ्याशी महिनाभर बोलली नाही. पण पुढच्याच आठवड्यात माझं नाव कायमच्या यादीत लागलं, आणि मी पेढे घेऊन घरी आलो. पेढ्यांना तिनं हात लावला नाही. आता वाटतं, तिथंच मला अक्कल यायला हवी होती.

पंचमीचं मी साफ विसरलो होतो. अहो, कुत्रीला मुराळी येईल हे कोण खरं मानतो! सणाची सुटी, मी अंघोळ करून बसलो होतो, आणि कोंडीराम दारात उभा. डोक्याला नवं मुंडासं, हातात फडक्याची गाठ. आत डोकावून त्यानं दोनदा जिभेनं चुटचुट आवाज केला आणि विचारलं, ठकी कुठं हाय?

खरं सांगितलं असतं तर तो तडक बंगल्यावर गेला असता आणि परत द्या म्हणाला असता. मग साहेब काय म्हणाले असते, माझं काय झालं असतं, हे सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी म्हणालो, गेली. कशानं विचारलं, तर म्हणालो, फेफरं आलं. माझा चुलतभाऊ फेफऱ्यानं गेला होता, तोंडात तोच शब्द आला. शिवाय त्यात कुणाचा दोष नाही, नीट सांभाळलं नाही असं तो म्हणू शकणार नाही, असा माझा हिशेब.

कोंडीराम उंबऱ्यावर बसला. किती वेळा आलं, तोंडाला फेस होता का, आधी कुठला पाय ताठला, डोळे कसे झाले, एकेक विचारत गेला. आणि मी चुलतभावाचं सगळं दुखणं आठवून आठवून ठकीवर घातलं. यशोदा आत चुलीपुढं होती. तिनं सगळं ऐकलं आणि नवऱ्याची अब्रू म्हणून गप्प राहिली. शेवटी त्यानं विचारलं, पुरली कुठं? मी ओढ्याकाठच्या लिंबाकडं बोट केलं. तो तिथं गेला, फडकं सोडलं आणि दिंड त्या मातीवर ठेवलं. मी दारातून बघत होतो. लाज वाटली, पण सुटलो असंही वाटलं. खोटं कशाला बोलू, वाटलं.

दोन वर्षं गेली. मधे साहेबांची कलकत्त्याकडं बदली झाली, ठकीला घेऊन ते गेले. बाईसाहेब तिला जिवापाड जपत, तेवढं मात्र होतं. मग आमच्या खात्यातले सोपानराव म्हणून एक भला माणूस, त्यांना लेकीसाठी तसंच पिल्लू हवं झालं. भोसरीला चला म्हणाले. नाही कसं म्हणणार?

अंगणात कोंडीरामची बायको कुशाबाई धान्य पाखडत होती; ती मला ओळखत नव्हती. पिल्लाचं नाव काढताच तिनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, ते बंद झालं. काळेवाडीला दिलेली एक फेफऱ्यानं गेली, तवापासून धन्यानं डेजीला पुन्हा जोडा दाखवला नाही. नुसतं तेवढं नाही. पुणं, तळेगाव, चाकण, जिथं जिथं पिल्लं दिली होती तिथं पायी फिरून दारोदार सांगून आला की हिच्या रक्तात खोट हाय, पुढं वाढवू नका, मला माफ करा. लोकांनी नावं ठेवली, एकानं नारळ परत अंगावर फेकला. डेजी गेल्या थंडीत म्हातारी होऊन गेली.

सोपानराव हळहळले आणि चला म्हणाले. मलाही निघून जाता आलं असतं. पण मागं गोठ्यात कोंडीराम दिसला, डेजी निजायची ती पाटी रिकामी, अजून खुंटीजवळच होती, आणि माझे पाय तिकडं वळले. सोपानरावांच्या देखत मी सगळं सांगितलं. फेफरं नव्हतं, ठकी मेली नव्हती, साहेबाला दिली होती.

कोंडीरामनं हातातला चारा खाली ठेवला. मग म्हणाला, “म्हंजी डेजीत काय खोट न्हवती?”

“नव्हती, दादा.”

“आन् मी तिला शेवटाला म्हनलो हुतो, बाई, तुझ्या रक्तानंच घात केला.” त्यानं पाटीकडं पाहिलं. “ठकी कुठं हाय?”

कलकत्ता म्हणालो. पत्ता माझ्याकडं नव्हता. त्यानं मला शिवी द्यावी म्हणून मी वाट बघत उभा राहिलो. दोन कानाखाली मारल्या असत्या तरी चाललं असतं. त्यानं कुशाबाईला सांगितलं, पाव्हण्यांना च्या ठेव. तो चहा मी प्यालो.

घरी आल्यावर यशोदेनं विचारलं, सांगितलंत? हो म्हणालो. मग ती पहिल्यांदा माझ्यापुढं रडली आणि म्हणाली, मीही त्या दिवशी तोंड उघडायला हवं होतं.

पत्ता मिळवायला तीन महिने लागले. बाईसाहेबांचं उत्तर आलं, मराठीत, चार ओळींचं. ठकी खुशाल आहे, अंगानं भरली आहे, कधी आजारी पडली नाही. मी लिहिताना मुद्दाम विचारलं होतं, म्हणून त्यांनी हेही लिहिलं होतं की फेफरं वगैरे तिला कधी आलेलं नाही, असं का विचारता. मी ते पत्र छातीशी धरून भोसरीला धावलो. वाटलं, आता तरी त्या माणसाच्या जिवाला थोडा गारवा मिळेल.

कोंडीरामला वाचता येत नव्हतं. मी त्याच्यापुढं बसून मोठ्यानं वाचलं. तो मान खाली घालून ऐकत होता. खुशालीपाशी कुशाबाईनं पदर डोळ्याला लावला. कोंडीरामनं फेफऱ्याची ओळ पुन्हा वाचायला लावली. मी पुन्हा वाचली.

मग त्यानं हात पुढं केला. मी पत्र दिलं. त्यानं त्याची नीट घडी घातली, बंडीच्या खिशात ठेवली आणि अगदी सौम्यपणे, मला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाला, “राग मानू नका राव. शाळंतल्या गुरुजींकडनं एकदा वाचून घेतो.”