खांबांना काचेचं कापड

जुईनगरला फ्लॅट घेतला तेव्हा आई बघायला आली आणि जिना न चढताच परत गेली. खाली पार्किंगसाठी नुसते खांब, वर चार मजले. ती म्हणाली, असलं घर हललं की आधी पाय मोडतात. इंजिनिअरिंगला चार वर्षं घालवून मी जे शिकलो, ते ती खालूनच सांगून मोकळी झाली. कोयनेच्या मोठ्या भूकंपात आमचं घर पडलं होतं. मी तेव्हा तिच्या कडेवरचा, मला काही आठवत नाही. तिला सगळं आठवायचं.

वडील गेल्यावर ती पाटणजवळच्या गावी एकटी आणि मी इथे एकटा. सुट्टीच्या दिवशी माझ्या तोंडून अख्ख्या दिवसात दहा शब्द निघत नसत. तिला आणायचंच, असा मी हट्ट धरला.

माझी कंपनी तेव्हा खांबांना काचेच्या धाग्यांचं कापड गुंडाळून ते भूकंपात टिकतील असे करायची. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आपल्याकडे हे काम फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं. वरिष्ठांच्या मागे लागून मी आमची इमारत नमुना म्हणून घ्यायला लावली. सोसायटीतले मला हाडवैद्य म्हणू लागले. म्हणू देत. धारदार कोपऱ्यावर धागे तुटतात, म्हणून खांबांचे कोपरे आधी घासून गोल केले. मग इपॉक्सीचा घट्ट गोंद फासून कापड ताणून चढवलं आणि आतली हवा रोलरने काढली. पहिल्या खांबावर बुडबुडे राहिले, तो खरवडून पुन्हा केला. कामगारांना वाटलं, साहेबाला खूळ लागलं. वर कोण राहायला येणार आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आई आली. प्रत्येक खांबावरून हात फिरवला, एकाला बुक्की मारून पाहिली आणि मुकाट्याने वर चढली. त्या दिवशी मी श्रीखंड आणलं.

तिसऱ्या आठवड्यात, रविवारी दुपारी, चहा घेताना जमीन हलली. क्षणभरच, कपबश्या वाजल्या आणि थांबल्या. मी ऐटीत आईकडे पाहिलं, तर ती दाराबाहेर गेलेली. आमच्या गावाकडे धक्का बसला की माणसं अंगणात येऊन घराघराला हाक मारतात, आणि ज्या घरातून ओ येत नाही तिकडे धावतात. आई जिन्यात उभी राहून हाका मारत होती, "हाय का गं? कोन हाय का आत?" तिन्ही दारं बंद. एका दारामागे टीव्हीचा आवाज तेवढा वाढला. मला लाज वाटली, आणि ती आईची वाटली. तिचा हात धरून मी तिला आत आणलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पिशवी भरली. मी खांबांचं गणित सांगू लागलो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"घर न्हाय पडायचं, मला पटलं," ती म्हणाली. "पर त्या वक्ताला शेजारनीनं हाक मारली म्हनून आपुन दोघं मातीतनं निघालो. हितं कोन मारनार?"

तिला एसटीत बसवून परत आलो. शेजाऱ्यांचा संताप आला होता. समोरच्याला चार शब्द सुनवायचेच, म्हणून तरातरा जिना चढलो आणि त्याच्या दारासमोर उभा राहिलो. हाक मारायला तोंड उघडलं तेव्हा लक्षात आलं, सहा वर्षांत मी त्याचं नावच विचारलेलं नव्हतं. दारावर फ्लॅटचा नंबर तेवढा होता. मी किल्ली काढून माझं दार उघडलं आणि आत जाऊन लावून घेतलं.