सिंटरक्लासचं गाजर आणि ली सरांचा मासा

सण संपतो, सामान खोक्यात जातं, किस्सा मात्र घरात राहतो. अ‍ॅमस्टेलव्हीन या डच गावातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये असे इतके साठलेत की खालच्या बाकावर बसलं की एखादा सांगितल्याशिवाय उठवत नाही.

सुरुवात आमच्या चिरंजीवांनी, निखिलने, केली. "बाबा, आपले सण आणि इथले, दोन्ही झेपत नाहीत. एक काय ते ठरवा." मी डॉक्टरेटवाला माणूस, अजून ठरवतोय! पण गणपती बंद होणार, हा धसका घेतला तो घेतलाच.

खालच्या मजल्यावरचे ली सर चीनमधले निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या घरीही हाच वाद. मी त्यांना अर्धा तास दोन्ही बाजू समजावल्या. ते शांतपणे म्हणाले, "थोडक्यात, तुम्हालाही माहीत नाही!"

*

डिसेंबरात सिंटरक्लास. हा दाढीवाला डच संत घोड्यावरून येतो, म्हणून मुलं घोड्यासाठी बुटात गाजर ठेवून झोपतात. सकाळी बुटात खाऊ! आमच्या नातीने, इराने, बूट ठेवला तो नेमका देव्हाऱ्याखाली. ती झोपल्यावर आमच्या हिने बूट बाहेर रॅकवर ठेवला आणि गाजर कोशिंबिरीत किसलं.

सकाळी इराचा चेहरा पडला. मी म्हटलं, "अगं, घोड्याने खाल्लं."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "घोडा कसला? यांनीच दोनदा वाढून घेतली!"

*

चिनी नववर्षाला ली सरांनी मला आणि इराला जेवायला बोलावलं. अख्खा मासा वाढला. पानात टाकायचं नाही, हे मी लहानपणी धपाटे खाऊन शिकलेलो. काटे तेवढे ठेवले.

लीबाई पांढऱ्याफटक! सर म्हणाले, "थोडा उरवायचा असतो. उरलेला मासा म्हणजे पुढच्या वर्षाची भरभराट."

"म्हणजे मी तुमचं पुढचं वर्ष खाल्लं?"

"चाटूनपुसून!"

त्यानंतर ली सर नुसते शिंकले तरी मला अपराधी वाटायचं.

*

शेवटी गणपती आले. शेजारच्या योकेबाईंना मी सांगितलं, आज बाप्पाचा वाढदिवस. वाढदिवसाला घरातल्या सगळ्यांचं अभिनंदन करायचं, ही डच रीत. बाईंनी माझा हात हलवला, हिचा, निखिलचा, सूनबाईंचा. मग वाकून उंदराचंही अभिनंदन केलं!

*

विसर्जन बाल्कनीतल्या बादलीत. निखिल हात पुसत म्हणाला, "छान झालं. पुढच्या वर्षीचं बघू हं, बाबा."

माझं 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणायचं राहूनच गेलं.

ताटात एकच मोदक उरला होता. निखिलने हात पुढे केला. इराने त्यावर फाडकन चापट मारली आणि डचमध्ये ओरडली,

"बाबा, नको! ते पुढचं वर्ष आहे!"