छत्रीचं मुसकं

अख्ख्या बीड जिल्ह्यात माझ्या इवायांइतका संशयी माणूस झाला नाही, अन् आता होणारही नाही. इवाई म्हणजे माझ्या थोरल्या लेकीचे सासरे, दिंद्रुडकडचे. मिठाची बंद पुडी घरात आली की आधी उन्हात धरून आरपार बघायचे. खडे मीठ गेलं कुठं अन् ही पांढरी भुकटी आली कावून, याचं उत्तर मिळाल्याशिवाय ती कालवणात पडायची नाही. एसटीडीच्या डब्यात शिरले तर फोनवर निम्मंच बोलायचे अन् उरलेलं निम्मं सांगायला दुसऱ्या दिवशी एसटीनं आमच्या नांदूरघाटला यायचे, कारण "तारंत कोण बसलंय काय म्हाईत." गेवराईच्या स्टँडवर पहिल्यांदा बाटलीतलं पाणी विकायला दिसलं तेव्हा आपली गाडी सोडून देऊन त्या दुकानासमोर उभे राहिले. मला म्हणाले, "पाव्हणं, पाणी इकाया लागले, मंजी आदी कुणीतरी लपवलं आसंल."

हसू नका. या साऱ्या संशयाच्या तळाशी एक विहीर होती. बापाच्या हाताखाली त्यांनी ती स्वतः खांदलेली. त्यांच्या तरुणपणी सातव्या पायरीला पाणी असायचं. या टीव्हीच्या छत्र्या, फोनचे डबे, बाटल्या आल्या त्या वर्षांत ते उतरत उतरत खडकाला टेकलं. पाऊस यायचा, पण रीत सोडून यायचा. मृग कोरडा जायचा अन् काढणीच्या तोंडावर धो धो ओतायचा. "पाणी आपल्या पायानं जात न्हाई, कुणीतरी नेतंय," असं म्हणत इवाई चोर हुडकत फिरायचे. बोअरच्या गाडीवर संशय घेऊन झाला, विमानावर झाला, आणि एका मृगात माझ्या घरी आले ते पायसुद्धा न धुता थेट माळवदावर चढले.

तिथं माझ्या धाकट्यानं गावाला केबल द्यायला भली मोठी छत्री बसवली होती. इवायांनी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. "बगा कशी वर आ करून बसलीय. ढग गिळती ही. हिला मुसकं घाला." मळणीच्या वेळी बैलानं धान्यात तोंड घालू नये म्हणून बांधतात, ते मुसकं. मी कुणाचं ऐकणारा नाही, पण मी पडलो लेकीचा बाप. इवाई माझ्या घरच्या पाण्याला तोंड लावीनात, तेव्हा माझा नाइलाज झाला. चार पोती शिवून छत्रीचं तोंड आवळलं. गावभर टीव्हीत नुसत्या मुंग्या. लोक दारात येऊन बोंबलत होते अन् इवाई ओट्यावर बसून बशीतला चहा फुंकत होते. पाऊस काही आला नाही. "आदीच लई गिळलंय तिनं," ते म्हणाले.

त्याच मुक्कामात गावात शेतकी कॉलेजातला एक पोरगेला साहेब आला. देवळापुढं तक्ता टांगून सांगायला लागला की गाड्या, कारखाने, तोडलेली झाडं, साऱ्या जगाचा धूर वर साठतोय, हवा तापतेय, पावसाची चाल बिघडणार. मी तिसरीतून शाळा सोडलेली, पण दबत नाही कुणाला. उठून म्हणालो, "साहेब, आभाळ वरच्याचं हाय. माणसाच्या धुरानं ते बिघडंल येवढी माणसाची ऐपत न्हाई." सगळ्या देवळानं माना डोलावल्या. तेवढ्यात इवाई उठले.

"मंजी ह्ये माणसानंच केलंय न्हवं?"

"हो आजोबा."

"मंग नावं सांगा."

लोक खो खो हसले. साहेब म्हणाला, "एकाचं नाव नाही. सगळ्यांचं थोडं थोडं."

"सगळ्यांचं मंजी... माजं बी?"

"विहिरीवर डिझेलचं इंजन आहे?"

"हाय की."

"मग थोडं तुमचंही."

सगळ्यांत मोठ्यानं मीच हसलो. इवाई हसले नाहीत. संध्याकाळच्याच गाडीनं निघाले, अन् जाताना छत्रीचं मुसकं सोडून काखेत घेऊन गेले.

महिन्याभरानं लेकीला भेटायला गेलो तर विहिरीवर इंजन गप, त्याच्या धुराड्याला माझ्याच घरची चार पोती आवळलेली, आणि या वयात इवाई जुनी मोट काढून बैलांमागं पुढं-मागं करतायत. मी म्हणालो, "पाव्हणं, तुमच्या येका इंजनानं जगाचं आभाळ सुदरतंय व्हय?"

"न्हाई सुदरत," ते कासरा न सोडता म्हणाले. "पर चोरात आपलं नाव नगं."

विहिरीचं पाणी काही सातव्या पायरीला परत आलं नाही. इवाई गेले. मुसकं मी लेकीकडून मागून आणलं, ते खुंटीला आहे. आभाळ वरच्याचं आहे हे माझं म्हणणं मी अजून सोडलेलं नाही. पण मृग कोरडा जायला लागला की मळ्यात जाऊन बसतो, ते नेमकं तोडून वीटभट्टीला जळणाला दिलेल्या माझ्या दोन चिंचांच्या उरलेल्या बुंध्यांपाशी. तिथं सावली नसते. अशा वेळी वाटतं, इवायांनी आता उठून पुन्हा नावं विचारावीत, आणि मग वाटतं, नको विचारायला.