शेवाळाच्या देशातून आलेले सर

बाबांनी होडी विकली नाही. उलटी करून माडाखाली ठेवली आणि रस्त्याच्या कामावर खडी उचलायला गेले. आमच्या खाडीत कारखान्याचा पाइप नेण्यासाठी मातीचा बांध घातला होता. काम झालं की काढू, असं गावाला सांगितलेलं. काढला नाही. आतल्या बाजूचं पाणी काळं पडलं, मासळी गेली. डोक्यावर पाटी घेऊन गावभर फिरणारी आई काजूच्या कारखान्यात बी फोडायला बसू लागली. चिकाने तिची बोटं भाजून निघायची. त्या बोटांनी मला शिकवलं. आमच्या घराण्यातला पहिला ग्रॅज्युएट मी, केमिस्ट्रीचा. हे मी कोणी न विचारता सांगतो.

नोकरी लागली मस्कतला, रुवीतल्या एका लॅबमध्ये. पाणी आणि माती तपासायचं काम. तिथे माझे वरिष्ठ, सर, भेटले.

सरांचं चालणं तुम्ही एकदा बघितलं असतंत तर विसरला नसतात. पाऊल टाकण्याआधी ते चवड्याने जमीन दाबून बघायचे, जरा थांबायचे आणि मग अंगाचा भार टाकायचे. रुवीच्या फुटपाथवरसुद्धा. आमचा केरळी ड्रायव्हर हसायचा.

"सर, नीचे सिमेंट है."

"और सिमेंट के नीचे?" सर विचारायचे.

सर मूळचे पुण्याचे, पण नोकरीची बहुतेक वर्षं कॅनडाच्या उत्तरेला गेलेली. थंडीने गुडघे धरले म्हणून ओमानला आले. गाडीच्या डिकीत त्यांचे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट कायम असायचे. निझवाकडे विहिरींचे नमुने घ्यायला निघालो, चहूकडे नुसता तापलेला दगड, तरी बूट सोबत.

"सर, हे कशाला?"

"असू दे. ओझं गाडीला होतंय, तुला नाही."

उत्तरेकडची जमीन कशी असते ते मला त्यांच्याकडून कळलं. जेवणाच्या सुट्टीत दहीभात कालवता कालवता सांगायचे. मैलोन् मैल ओलं शेवाळ, दाबून न बघता पाऊल टाकलं की रुतलंच. थंडीत, पाण्याखाली ते धड कुजत नाही. मेलेल्या थरावर जिवंत थर, असं हजारो वर्षं साचत जातं. त्या साचलेल्या थराला पीट म्हणतात. शेवाळाला मुळं नसतात. आभाळातून पडेल त्यावरच ते जगतं.

"म्हणजे उपाशीच की सर."

"उपाशीच. आणि त्या उपासावर तगलेलं. मग बाजूला तेलाचं काम सुरू होतं, चिमण्या लागतात. धुरातून नायट्रोजन खाली पडतो. तुमच्या भाषेत खत. गवत माजतं, झुडपं उंच होतात आणि शेवाळ सावलीत गुदमरून मरतं. खत घालून जमीन मारता येते, हे मी तिथे शिकलो."

आमच्याकडे शेतात खत पडलं की लोक खूश होतात. मी तसं म्हटलं. सर हसले आणि भात माझ्याकडे सरकवला. "खा. तुला चालतं खत."

पण त्यांना खरा राग होता तो रस्त्यांचा. मशीन आत नेण्यासाठी पीटवर भराव टाकायचा आणि कागदावर लिहायचं, तात्पुरता रस्ता. पीटमध्ये पाणी हळूहळू एका बाजूने दुसरीकडे झिरपत असतं. भरावाने ते अडतं. वरच्या अंगाची झाडं पाण्यात उभी राहून मरतात, खालच्या अंगाची तहानेने. सुकलेल्या पीटने धरून ठेवलेलं शिसं-तांबं मग ओढ्यांना मिळतं.

"एकाच रस्त्याच्या दोन्ही कडांना मेलेली झाडं," सर म्हणायचे, "आणि मशीन गेलेलं असतं कधीच."

तेव्हा मी त्यांना आमच्या खाडीची गोष्ट सांगितली. लॅबमध्ये पहिल्यांदाच कोणाला तरी. त्यांनी हातातला चमचा डब्यात ठेवला.

"काय सांगितलं होतं गावाला?"

"तात्पुरतं आहे म्हणून."

"तात्पुरतं म्हणजे कोणाच्या हिशोबानं?"

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. त्या दिवशी मात्र आवाज खाली होता.

पुढच्या हिवाळ्यात बरकाच्या पलीकडे किनाऱ्यावरचं एक काम आलं. इकडे खाडीला खोर म्हणतात. खोरमध्ये तिवरांची दाट राई, तोंडाशी ओमानी कोळ्यांच्या होड्या. कंपनीने मशीन न्यायला आडवा भराव टाकला होता आणि आता तिथेच पक्का रस्ता हवा होता. पाणी बिघडलेलं नाही असा आमचा अहवाल मिळाला की खोर कायमचं बंद. कंपनीचा इंजिनिअर ठाण्याचा, बोलायला गोड. त्याने होडी दिली, आम्ही नमुने घेतले. भरावाच्या दोन्ही बाजूंचं पाणी उत्तम निघालं.

"झालं ना सर? खलास करू या," इंजिनिअर म्हणाला.

सरांनी आकडे बघितले, मग माझ्याकडे बघितलं. "तुला काय वाटतं?"

"होडी भरतीचीच देतात सर. भरतीला सगळं पाणी चांगलंच दिसतं. ओहोटीला चालत जायला पाहिजे."

"हे कॉलेजात शिकवलं?"

"नाही. आईने. कालवं काढायला ओहोटीलाच जायची."

सरांनी डिकी उघडली आणि बूट मला दिले. स्वतः अनवाणी चिखलात उतरले. त्या दिवशी जमीन दाबून बघायची त्यांची खोड कामाला आली. मी दोनदा मांडीपर्यंत रुतलो, सर एकदाही नाही. भरावाच्या आत पाणी तुंबलेलं होतं. तिवरांची श्वास घेणारी मुळं ओहोटीलाही बुडलेली. सडक्या अंड्यासारखा वास. आतून पाणी मिळायचं तो बाहेरचा उंचावरचा फाटा कोरडा पडून चिखलाला भेगा गेलेल्या.

"तिकडचंच आहे रे हे," सर म्हणाले. "फक्त गरम."

मीटिंगला कंपनीचे ओमानी साहेब स्वतः आले. मला वाटलं सर बोलतील. त्यांनी माझ्यासमोर स्लाइडचा रिमोट ठेवला. "तू बोल."

इंजिनिअरने मराठीत विचारलं, "सर, ह्याला अनुभव किती?"

"जन्मापासूनचा," सर त्याला म्हणाले. "बस खाली."

मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं मांडलं. ओहोटीचं पाणी, बुडालेली मुळं, भेगा. इंजिनिअर म्हणाला, भरावात पाइप टाकलाय. मी म्हटलं, पाइप उंचावर आहे, भरतीचं पाणी आत येतं, ओहोटीला बाहेर जात नाही. एकदा अडखळलो. तेव्हा सरांनी नुसता पाण्याचा ग्लास पुढे केला, शब्द पुरवला नाही. त्याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे. शब्द माझा मलाच सापडला.

ओमानी साहेबांनी दोन प्रश्न विचारले, फोटो मागून घेतले आणि "इन्शाल्ला" म्हणून उठले.

"म्हणजे हो की नाही, सर?" मी लिफ्टमध्ये विचारलं.

"म्हणजे चहा पिऊ या."

निकाल यायच्या आधीच सरांचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. ते पुण्याला परतले. फोनवर दर वेळी आधी आईच्या बोटांची चौकशी, मग खोरची. मी म्हणायचो, अजून काही नाही सर. ते म्हणायचे, असू दे, पीट एका दिवसात झालेलं नाही. उन्हाळ्यात एका दुपारी त्यांच्या मुलीचा फोन आला. झोपेतच गेले, म्हणाली. मी लॅबच्या जिन्यात बसून राहिलो. ड्रायव्हर शेजारी येऊन बसला.

भराव काढत असल्याचं कंपनीचं पत्र त्यानंतर आलं. मी गाडी काढून स्वतः बघायला गेलो. दोन मशीनं लागली होती आणि भरावाची माती ट्रकमध्ये चढत होती. काम संपेपर्यंत मी जमेल तेव्हा जात राहिलो. आता ओहोटीचं पाणी तिवरांतून थेट समुद्रापर्यंत जातं. कोळ्यांच्या होड्या आतपर्यंत येतात. रस्ता खोरला वळसा घालून बाहेरून गेला आहे.