पालखी आधी कुणाकडे

गावाची वेबसाइट नव्याने करून दे, असं मुंबईच्या ग्रामस्थ मंडळाने मला सांगितलं तेव्हा मी फुशारून गेले होते. रत्नागिरीत माझा हाच धंदा आहे. हॉटेलवाले, दातांचे डॉक्टर, क्लासवाले, सगळ्यांच्या साइट मी करते, मग माहेरच्या गावाची का नको? जुनी साइट म्हणजे नुसती अडगळ. मोबाइलवर उघडली की अर्धं देऊळ दिसायचं आणि अर्धं स्क्रीनच्या बाहेर. मी ती पार झाडून-पुसून काढली, खाली 'अभिप्राय' म्हणून एक चौकट ठेवली आणि मोठ्या मनाने लिहिलं, 'प्रत्येकाला उत्तर दिलं जाईल.' हे वाक्य लिहायची मला काय अवदसा आठवली होती, देव जाणे.

शिमगा तोंडावर आला होता. मुंबईचे सगळे चाकरमानी रोज साइट उघडून बसलेले. अभिप्राय आले ते धो धो. डोंबिवलीच्या एका गृहस्थांना हिरवा रंग आवडला नाही. विरारच्या एकाला त्याचा फोटो सापडेना. जुन्या साइटवर सप्ताहाच्या फोटोत मागच्या रांगेत त्याचा एक कान आणि अर्धा चष्मा दिसायचा म्हणे. एका मावशींनी लिहिलं, 'निधनवार्तेवर फुलं पडतात ती बंद करा, आमच्या नणंदेच्या फोटोवर पडली.' हे मात्र खरं होतं. पानावर वरून पाकळ्या गळत राहतील अशी सोय मी हौसेने केली होती आणि निधनवार्ता विसरले होते. पाकळ्या काढल्या आणि मावशींना लिहिलं, 'क्षमस्व, थांबवल्या आहेत.' त्यांचं उलट उत्तर आलं, 'थोड्या चालतील.'

मला राग पटकन येतो. नवऱ्याने नियम घालून दिला होता, उत्तर लिहिलंस की आधी चहा पी, मग पाठव. त्या आठवड्यात मी इतका चहा प्यायले की पित्ताने हैराण झाले. तरी विरारच्या गृहस्थांना 'आपला कान लवकरच परत लावण्यात येईल' असं मी चहाच्या आधीच पाठवून दिलं. ते बिचारे खूश झाले.

पण खरा बाँब पुढेच होता. आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते. कुठल्या दिवशी कुणाच्या दारात, हा क्रम मानाचा, पूर्वापार चालत आलेला. पहिल्या दिवशी गावकराचं घर, म्हणजे गावाच्या देवकार्यात ज्याचा शब्द पहिला त्याचं. मग मानकरी, मग वाडीवार बाकीचे. जुन्या साइटवर या यादीचा आडवा फोटो असायचा, मान वाकडी करून वाचावा लागे. मी सगळी नावं नीट टाइप केली, तक्त्यात भरली, आणि शोधायला सोपं जावं म्हणून नावं अकारविल्हे लावायचं बटण दाबलं. नावं वरखाली झाली. तारखा होत्या तिथेच राहिल्या. मी बघितलंसुद्धा नाही. साइट सुरू केली आणि वर स्वतःचीच पाठ थोपटली.

माझं माहेरचं आडनाव अ-वरून. त्या आडनावाची गावात दोनच घरं, पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे, पार टोकाला. एक आमचं, ते बंद असतं. दुसरं काकीचं, तिचं नावही अ-वरूनच. त्यामुळे जिच्या दारात पालखी सगळ्यात शेवटी जायची ती माझी काकी शनिवारी पहिली, आणि गावकर कुठल्या कुठे, रविवारी दुपारी जेवणाच्या वेळेला!

गावकर आबांचा फोन आला. "बाय, मान आता कंपुटर ठरवणार काय?"

"आबा, चुकलं. लगेच बदलते."

"नाय, बदल गो सावकाश. मला नुसतं विचारायचं होतं, माझं जेवण पालखीच्या आधी की नंतर?"

आबा असे खवचट बोलले म्हणजे रागावलेले नाहीत, हे मला ठाऊक होतं. बाकीचे मात्र रागावले होते. 'स्वतःच्या काकीला पहिला नंबर दिला!' 'माहेरवाशिणीने मानात लुडबूड करू नये!' माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की चहाबिहा सगळं विसरले. पण चूक माझीच होती. यादी मुकाट दुरुस्त केली, वर मोठ्या अक्षरांत माफी मागितली, आणि रात्री एकेकाला हात जोडून उत्तरं दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी माहेरच्या शेजारणीचा फोन. "काकीने अंगण सारवून घेतलं गो. मुलगा येतोय शनिवारी, पोरांना घेऊन. किती वर्षांनी!"

काकीकडे पालखी मंगळवारी दुपारी येते. तोवर चाकरमानी रविवारच्या गाड्यांनी मुंबईला गेलेले असतात. काका होते तेव्हा ते आधी खांदा द्यायचे, अंगणात पालखी नाचवायचे. आमच्यात घरच्या माणसाने पहिला खांदा द्यायचा असतो. काका गेल्यापासून भोई येतात, पालखी टेकवतात, काकी एकटी ओटी भरते, आणि ते निघतात. तिचा मुलगा खाजगी कंपनीत, मंगळवारची रजा त्याला कधी मिळालीच नाही, की त्याने कधी मागितली नाही, ते त्यालाच माहीत. आता साइटवर शनिवार बघून, यंदा क्रम बदलला असं समजून, त्याने तिकिटं काढली होती. आणि मी यादी बदलून मोकळी!

तशीच स्कूटर काढली. काकी ओटीवर काळे वाटाणे निवडत बसली होती. मी रडवेली होऊन सगळं सांगितलं. ती हसायलाच लागली.

"अगो, मला काय कळत नाय? लग्न होऊन आले तेव्हापासून शेवटाला घेतेय मी पालखी. पहिली माझ्याकडे येईल होय?"

"मग त्याला सांगितलं नाहीस?"

"सांगते ना. तू कशाला त्रास घेतेस? तो काय तुमच्या त्या मंडळाच्या ग्रुपमध्ये नाय, रोजच्या सुप्रभाताला कंटाळून बाहेर पडला. मी सांगते त्याला."

मी निर्धास्त परत आले. काकी शब्दाची पक्की, असा माझा समज होता.

शनिवारी सकाळी मीही गावी गेले, तर काकीच्या अंगणात माझा चुलतभाऊ नवा सदरा घालून, टोपी घालून उभा. पोरं रांगोळीभोवती नाचतायत. ढोल वाजत होते, पण ते पऱ्याच्या अलीकडे, गावकर आबांच्या दारात. भावाने माझ्याकडे बघितलं, मी काकीकडे बघितलं. काकी चुलीकडे गेली.

"ताई, तुझी वेबसाइट आहे की चेष्टा?" तो असा भडकला की विचारू नका. मीही कमी नाही, मीही भडकले. "तुझी आईच..." एवढंच तोंडातून निघालं. काकी दारात घावन्यांचं ताट घेऊन उभी होती, आणि तिचा चेहरा बघवत नव्हता. ती त्याला म्हणाली, "चुकलं असेल तिचं. आलायस तर जेव आधी."

आमच्या घरांकडे नेटची रेंज नाही. रेंज येते ती पऱ्यावरच्या छोट्या पुलावर, साकवावर, तिथे उभं राहिलं तर. माझा भाऊ जेवण झाल्यावर भर उन्हात त्या साकवावर जाऊन उभा राहिला, माझ्याच साइटवर अभिप्राय लिहायला. 'चुकीच्या माहितीमुळे माझी रजा आणि पैसे वाया गेले, मनस्ताप झाला तो वेगळाच. जबाबदार कोण?' मी त्याच्यामागून जाऊन दोन हातांच्या अंतरावर उभी राहिले आणि तिथूनच उत्तर टाकलं, 'आम्ही जबाबदार. मंगळवारपर्यंत थांबावे, ही विनंती.' त्याने ते वाचलं. मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग काकीच्या घराकडे बघितलं. खरा दिवस ठाऊक असूनही आईने त्याला मुद्दामच कळवलं नव्हतं, हे तेवढ्यात त्याच्या लक्षात आलं असावं. त्याने तिथूनच साहेबांना फोन लावला.

मंगळवारी दुपारी पालखी साकव ओलांडून आली. आलेल्या माणसांत मुंबईचं कुणी नव्हतं. भोई दमले होते, ढोलवाल्यांचे हात भरून आले होते. भावाने पहिला खांदा दिला. त्याला नाचवायची सवय कुठली, सुरुवातीला तो नुसता धडपडत होता, आबा ओरडत होते, "अरे, पाय उचल, ऑफिसात नाहीस!" पण मग जमलं. पोरं टाळ्या पिटत होती. काकी ओटीचं सूप हातात घेऊन उभी होती आणि ओटी भरायचंच विसरली होती. मी तर रडलेच, सरळ सांगते.

मुंबईला पोचल्यावर त्याने साइटवर आणखी एक अभिप्राय टाकला. 'हिरवा रंग खरोखरच वाईट आहे.' मी चहा न पिता उत्तर दिलं, 'धन्यवाद, तसाच राहील.'

यंदा शिमग्याची यादी टाकायला घेतली आणि फोन वाजला. काकी होती. आधी पोरांचं विचारलं, काजूला मोहोर कसा आहे ते सांगितलं, नवऱ्याच्या पाठदुखीची चौकशी केली. मग जरा थांबून म्हणाली, "बाय, यादी करतेयस ना? यंदा पण काहीतरी चुकव गो."